नरसाळ्यातला कोळी : एक नाव, अनेक धनी

आश्विन संपत आला की पहाटे दव पडू लागते. या दिवसांत उन्हे वर यायच्या आत गावाबाहेरच्या माळावर किंवा शेताच्या बांधावर गेलात, तर गवतात जागोजाग पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसतात. वाकून पाहिले की कळते, हा रुमाल म्हणजे कोळ्याने विणलेली आडवी चादर आहे. तिची एक कड आत ओढली जाऊन गोल नळी झालेली असते, पूर्वी रॉकेल ओतायला घरोघरी असायचे त्या नरसाळ्यासारखी. नळीच्या तोंडाशी पुढचे पाय बाहेर काढून मालक बसलेला असतो. पावलाचा हादरा पोचला की तो आत पसार. दव उडाले की जाळी दिसेनाशी होतात, आणि म्हणून लोकांना वाटते की ती दिवाळीतच उगवतात. प्रत्यक्षात ती पावसाळ्यापासून तिथेच असतात, दवाने फक्त त्यांचे गुपित फोडलेले असते.

हा कोळी हिप्पासा प्रजातीतला. त्याचे कुल लायकोसिडी, म्हणजे लांडगा-कोळ्यांचे. या कुलातले बहुतेक सदस्य जाळे विणण्याच्या भानगडीत पडत नाहीत, जमिनीवर धावून शिकार करतात. हिप्पासा हा त्यातला अपवाद. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून वागवते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. माणसाला त्यापासून काहीही अपाय नाही. शेतातल्या तुडतुड्यांचा आणि नाकतोड्यांच्या पिल्लांचा मात्र तो चांगला समाचार घेतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या बागेत अशी पंधरा-वीस जाळी दिसली. कोणीतरी फोटो काढला, तो मोबाइलवर फिरला, आणि फिरता फिरता त्याला मजकूर चिकटला : ऑस्ट्रेलियातला फनेल-वेब कोळी आपल्या भागात आला आहे, चावला तर पंधरा मिनिटांत मृत्यू, मुलांना बाहेर सोडू नका. दोन संध्याकाळी लागोपाठ हिरवळीवर कीटकनाशक मारले गेले. तिसऱ्या दिवशी कोणालातरी माझी आठवण झाली. मी गेलो तेव्हा हिरवळीवर मेलेले कोळी होते, नाकतोडे होते आणि दोन बेडूक होते. मुले तिथेच खेळत होती, अनवाणी, औषध मारलेल्या गवतात. संस्थेच्या मंडळींना मी अर्धा तास जे सांगत होतो तेच इथे जरा सविस्तर मांडतो आहे. त्या संदेशातला ऑस्ट्रेलियाचा कोळी काल्पनिक नाही. तो आहे, विषारी आहे, माणसे त्याने मारलेली आहेत. पण तो कोण, कुठला आणि त्याचे विष नेमके कोणासाठी, हे कळले तर आपल्या बांधावरच्या कोळ्याला त्याची शिक्षा मिळणार नाही.

घोळाचे मूळ नावात आहे. ‘फनेल-वेब’ म्हणजे नरसाळ्यासारखे जाळे. हे वर्णन आहे, वंश नव्हे. एखाद्या गावात तीन घरांवर कौले असली म्हणून तिन्ही घरे भाऊबंदांची ठरत नाहीत. आपला हिप्पासा नरसाळे विणतो. युरोप-अमेरिकेत घराच्या कोपऱ्यात राहणारे अ‍ॅजेलेनिडी कुलातले कोळीही तसेच विणतात. हिप्पासाच्या एका भारतीय जातीचे नाव ‘अ‍ॅजेलेनॉइडिस’, म्हणजे ‘अ‍ॅजेलेनासारखा’, असे आहे. नाव ठेवणाऱ्यालाही हे साम्य खटकले असणार. भारत आणि श्रीलंकेत सापडणारी इंडोथेली ही आणखी निराळ्या कुलातली प्रजाती, तीही नळी आणि चादर विणते. आणि चौथे, ज्याच्यामुळे हा शब्द कुप्रसिद्ध झाला ते अ‍ॅट्रॅसिडी कुल. गंमत अशी की या चौघांत सर्वांत वाईट नरसाळे अ‍ॅट्रॅसिडीचे असते. जमिनीतल्या बिळाला रेशमाचे अस्तर, तोंडाशी विस्कटलेले जाळे, पुष्कळदा एकाला दोन दारे आणि आजूबाजूला लांबवर पसरलेले रेशमी धागे. दव पडलेल्या पहाटे रुमालासारखे दिसेल असे त्यात काही नसते.

मी कोळ्यांचे शिक्षण कुठल्या महाविद्यालयात घेतलेले नाही. पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण केंद्रात दीर्घकाळ काम केलेले बी. के. टिकादर यांचे भारतीय कोळ्यांवरचे पुस्तक आणि दहापट मोठे दाखवणारे एक भिंग यांवर माझी बरीच वर्षे निघाली. पण त्या पुस्तकाने एक सवय लावली : जाळे पाहून कोळी ओळखायचा नाही, तोंड पाहून ओळखायचा.

कोळ्याच्या तोंडापुढे दोन जाडजूड अवयव असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक विषदंत. घरातला कोळी, बागेत गोल जाळे विणणारा कोळी, आपला हिप्पासा, या सगळ्यांचे विषदंत एकमेकांकडे वळलेले असतात आणि चिमट्यासारखे आडवे मिटतात. अ‍ॅट्रॅसिडी हे दुसऱ्या, फार जुन्या शाखेतले. टॅरंट्युला म्हणून ओळखले जाणारे केसाळ कोळी याच शाखेतले. यांचे विषदंत एकमेकांना समांतर असतात आणि दोन कुदळी एकदम मारल्यासारखे वरून खाली येतात. कुदळ मारायची तर आधी ती उचलावी लागते. म्हणून हा कोळी डिवचला की शरीराचा पुढचा भाग उचलतो, पुढचे पाय हवेत धरतो आणि विषदंत उघडे करतो, कधीकधी त्यांच्या टोकांवर विषाचे थेंबही दिसतात. लोक याला आक्रमकपणा म्हणतात. माझ्या मते ती शरीररचनेची अट आहे, त्याला दुसऱ्या तऱ्हेने चावताच येत नाही.

पोटाखाली पाहिले तर दोन फिकट डागांच्या जोड्या दिसतात. ही त्याची फुप्फुसे. पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पडद्यांची असल्यामुळे त्यांना पुस्तक-फुप्फुसे म्हणतात. आपल्या घरच्या कोळ्यात सहसा एकच जोडी असते आणि बाकीचे काम श्वासनलिकांवर चालते. अ‍ॅट्रॅसिडीत दोन जोड्या. या पानांतून ओलावा सहज उडतो, त्यामुळे हा कोळी कोरड्या हवेत फार काळ टिकत नाही. त्याच्या स्वभावातल्या आणि भूगोलातल्या कितीतरी गोष्टी या एका अडचणीतून निघतात.

ओळखीच्या आणखी खुणा म्हणजे शरीर एक ते पाच सेंटिमीटर, रंग काळा ते गडद तपकिरी. डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावरची ढाल चकचकीत, जवळजवळ केसविरहित, पॉलिश केलेल्या बुटासारखी. पोटाच्या शेवटी रेशीम सोडणारे अवयव बोटांसारखे लांब, मागे बाहेर आलेले. नर सडपातळ, लांब पायांचा. सिडनीच्या जातीतल्या नराच्या दुसऱ्या जोडीच्या पायावर मध्यभागी आतल्या बाजूला एक टोकदार काटा असतो. या काट्याचा उपयोग पुढे येईल.

या खुणा मला तोंडपाठ असण्याचे एक घरगुती कारणही आहे. माझा पुतण्या सिडनीच्या उत्तरेला हॉर्न्सबी भागात राहतो. हा भाग म्हणजे या कोळ्याचे माहेरघरच म्हणायचे. नवीन गेला तेव्हा महिन्यातून एकदा तरी त्याचा फोटो यायचा, ‘काका, हा तोच का?’ पहिले चार-पाच फोटो तिथल्या काळ्या घरकोळ्याचे निघाले. तो खिडकीच्या चौकटीत लोकरीसारखे जाळे विणतो आणि, काय सांगावे, त्यालाही नरसाळे असते. मी त्याला म्हटले, ‘अरे, भिंतीवर, खिडकीत, उंचावर जाळे असेल तर मला फोटो पाठवू नकोस. जमिनीवर चालत येईल आणि पाठ चकाकत असेल तर पाठव, पण लांबून.’ सहाव्या फोटोत पाठ चकाकत होती. पायावर काटाही होता. नोव्हेंबरची अखेर होती, आदल्या रात्री पाऊस पडला होता आणि स्वारी गॅरेजमध्ये ठेवलेल्या बुटाजवळ बसली होती.

नोव्हेंबर आणि पाऊस या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मादी आयुष्यभर एकाच बिळात राहते, आणि हे आयुष्य आठ-दहा वर्षांचेही असू शकते. बीळ ओलसर, सावलीच्या जागी असते : दगडाखाली, ओंडक्याखाली, झुडपांच्या मुळाशी, बागेतल्या दगडी रचनेत. मोकळ्या, उन्हाच्या हिरवळीत सहसा नसतेच, हे आमच्या गृहनिर्माण संस्थेने ऐकायला हवे होते. बिळाच्या तोंडापासून निघालेले धागे हीच तिची घंटा. झुरळ, भुंगेरा, पैसा किडा, गोगलगाय, कधी लहानसा बेडूक त्या धाग्यांना अडखळला की ती झेप घेऊन त्याला आत ओढते. म्हणजे जाळ्यात भक्ष्य चिकटत नाही, जाळे फक्त वर्दी देते.

नर मात्र दोन-चार वर्षांत वयात आला की घर सोडतो, परत कधीच येत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तिथला उन्हाळा आणि शरद, हा त्याच्या भटकंतीचा काळ. रात्री, त्यातही पावसानंतरच्या दमट रात्री तो माद्यांची बिळे शोधत हिंडतो. उजाडले की फुप्फुसे वाळू नयेत म्हणून जवळच्या ओलसर अंधाऱ्या जागेत घुसतो. शहरात अशी जागा म्हणजे बूट, बाहेर पडलेला टॉवेल, जमिनीवर टाकलेले कपडे. पोहण्याच्या तलावात पडणारेही पुष्कळ. बुडालेला दिसला तरी शरीराला धरलेल्या हवेच्या बुडबुड्यांवर तो चोवीस तास आणि त्याहूनही अधिक जगतो, म्हणून तळाशी निपचित पडलेला कोळी कोणी हाताने काढू नये.

मादी सापडली तरी काम सोपे नसते. तिचे विषदंत आणि नराचे डोके यांत फार अंतर नसते. इथे तो पायावरचा काटा उपयोगी पडतो. नर त्याने मादीचे पाय वर अडकवून धरतो आणि तिला चावण्याच्या पवित्र्यात थोपवून ठेवतो. नंतर मादी उशीसारखी रेशमी पिशवी करून तिच्यात शंभरावर अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि काही महिने आईच्या बिळातच काढतात.

मग ती पायी निघतात. पुष्कळ कोळ्यांची पिल्ले रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर उडतात, समुद्रही ओलांडतात. यांची पिल्ले जमिनीवरून चालत जातात आणि आईपासून फार दूर न जाता बीळ करतात. ओलावा लागतो, कोरडा पट्टा ओलांडता येत नाही, उडता येत नाही. परिणाम असा की एका दरीतली वस्ती शेजारच्या दरीपासून लाखो वर्षे अलग राहू शकते आणि तिची वेगळी जात बनते. या कुलात आज पस्तीसहून अधिक जाती मोजल्या जातात त्या अशा घडल्या. पसारा पूर्व ऑस्ट्रेलियाचा : क्वीन्सलँडपासून न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरियामार्गे टास्मानियापर्यंत, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात आखातांभोवतीच्या डोंगरांत तुटक वस्त्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात नाही. तीन प्रजाती आहेत. अ‍ॅट्रॅक्स सिडनीच्या आसपास आणि तिच्या दक्षिणेला. हॅड्रोनिके सर्वांत पसरलेली, तिच्यातल्या दोन जाती तर झाडांच्या ढोलीत आणि सालीखाली राहतात. तिसरी इलावारा, त्याच नावाच्या किनारी भागातली, एकाच जातीची. जो कोळी आपल्या डोंगराची कोरडी बाजू ओलांडू शकत नाही, तो हिंदी महासागर ओलांडून साताऱ्या-सांगलीच्या हिरवळीवर एकदम पंधरा-वीस जाळी घालून बसेल, हे मानणाऱ्याची कल्पनाशक्ती थोरच म्हणायची.

सिडनीच्या जातीला अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस हे नाव १८७७ साली मिळाले. देणारा ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला पाद्री आणि कोळ्यांचा मोठा अभ्यासक. पुढची पन्नास वर्षे हा कोळी केवळ संग्रहालयाच्या बरणीतला नमुना होता. १९२७ साली सिडनीच्या उपनगरात दोन वर्षांचा एक मुलगा त्याच्या दंशाने दगावला आणि नोंदींची मालिका सुरू झाली. १९२७ ते १९८० या काळात तेरा मृत्यू नोंदले गेले. त्रेपन्न वर्षांत तेरा. आकडा फार मोठा नाही, आपल्याकडे एका जिल्ह्यात एका पावसाळ्यात सर्पदंशाने याहून अधिक माणसे जाऊ शकतात. पण त्यांत लहान मुले होती, मृत्यू वेदनामय होता आणि उपाय काहीच नव्हता. ज्या घटनांत कोळी ओळखता आला तिथे तो सिडनीच्या जातीचा नर होता.

या विषाचे काम समजायला सोपे आहे. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमची बारीक दारे असतात. निरोप जाताना दार उघडते, सोडियम आत येतो आणि क्षणार्धात दार बंद होते. या विषातले मुख्य प्रथिन फक्त बेचाळीस अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या जगात अगदी चिमुकले. ते दाराला अडकते आणि दार नीट मिटू देत नाही. मग मज्जातंतू एकदा निरोप देऊन थांबत नाहीत, देतच राहतात. तोंडाभोवती मुंग्या, जीभ फडफडणे, घाम, लाळ, अश्रू, अंगावर काटा, स्नायूंचे आचके, चढता रक्तदाब, फुप्फुसांत पाणी. शरीरातल्या सगळ्या घंटा एकदम वाजाव्यात आणि कोणालाच थांबवता येऊ नयेत, तसे.

यातले मोठे कोडे निराळेच होते. हेच विष ससा, मांजर, कुत्रा यांना फारसे बाधत नाही. माणूस आणि माकड यांना मारते. अशा काही प्राण्यांच्या रक्तद्रवात विषाला निष्प्रभ करणारे घटक असतात असे प्रयोगांत दिसले, म्हणजे ते का वाचतात याचे काही उत्तर मिळाले. पण विष माकडवर्गाला मारण्याइतके नेमके का असावे? माणूस पोचेपर्यंत ऑस्ट्रेलियात माकडवर्गातला एकही प्राणी नव्हता. कोट्यवधी वर्षे ज्या कोळ्याने माकड पाहिले नाही, त्याने माकडासाठी विष का बनवावे?

२०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या कुलातल्या अनेक जातींच्या विषातली ही प्रथिने ताडून पाहिली. त्यांचे उत्तर मला फार पटते. ही प्रथिने मुळात कीटकांना मारण्यासाठी घडली. बिळात बसणाऱ्या मादीला आणि पिल्लांना तेवढे पुरते. वयात आलेल्या नराचे तसे नाही. तो बीळ सोडतो, खाणेही जवळपास सोडतो, आणि उघड्यावर त्याची गाठ पडते सरडे, पक्षी, लहान शिशुधानी प्राणी यांच्याशी. त्याला भक्ष्य नको असते, शत्रूला पिटाळायचे असते, आणि त्यासाठी वेदना हे उत्तम हत्यार. निवडीच्या रेट्याने नराचे विष पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांविरुद्ध धारदार होत गेले. सिडनीच्या जातीत ते मादीच्या पाच-सहा पट जहाल भरते. त्या प्राण्यांना ते दुखवते. माणसाच्या सोडियमच्या दारांची घडण मात्र योगायोगाने अशी, की तेच प्रथिन तिथे घट्ट बसते. त्या तेरा माणसांना मारण्याचा कोळ्याच्या घराण्याचा काही हेतू नव्हता. पण म्हणून त्या मृत्यूंचे दुःख कमी होते असे नाही, आणि ते ज्याने मनावर घेतले तो माणूस म्हणजे स्ट्रुआन सदरलँड.

सदरलँड मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम प्रयोगशाळेतले डॉक्टर. प्रतिविषाचा त्यांचा प्रयत्न दहा-बारा वर्षांहून अधिक चालला. शेवटी उपयोगी पडला ससा, ज्याला हे विष मारत नाही. सशांना नराचे विष थोडेथोडे टोचून त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वेगळी केली गेली, आणि १९८१ साली प्रतिविष रुग्णासाठी वापरले गेले. त्यानंतर या कोळ्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. चाळीस वर्षे उलटून गेली. दंश होतच असतात, त्यांतल्या बहुतेकांत गंभीर विषबाधा होत नाही आणि जिथे होते तिथे औषध आहे. मोबाइलवरच्या संदेशात ‘पंधरा मिनिटांत मृत्यू’ असते, १९८१ हे साल कधीच नसते.

सदरलँड यांचेच दुसरे काम म्हणजे दाबपट्टी. दंश झालेल्या हाताला किंवा पायाला दंशाच्या जागेपासून संपूर्ण लांबीवर रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची, फळी बांधून अवयव अजिबात हलू द्यायचा नाही आणि रुग्णाला न चालवता रुग्णालयात न्यायचे. विष अडकून राहते आणि या कोळ्याच्या बाबतीत ते त्या जागीच काही अंशी निकामीही होते. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की घोणस किंवा फुरसे यांच्या दंशाला हा उपाय आपल्याकडे करू नये. त्यांचे विष त्या जागचे मांस नासवते, ते तिथेच कोंडून धरणे घातक ठरू शकते. आपल्याला रुग्ण न हलवता लवकरात लवकर रुग्णालय गाठणे हेच खरे.

प्रतिविषासाठी विष लागते आणि विषासाठी नर लागतात. ते पुरवतात सिडनीची सामान्य माणसे. शहराच्या उत्तरेला सॉमर्झबी येथे ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. लोक नर पकडून तिथे किंवा ठरलेल्या रुग्णालयांत आणून देतात. या कोळ्याला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, म्हणून उंच काचेची बरणी, तळाशी ओली माती आणि लांब दांड्याचा चमचा एवढी सामग्री पुरते. पार्कात कोळ्याला डिवचतात, तो पवित्रा घेतो आणि विषदंतावरचा थेंब बारीक काचनळीने ओढून घेतात. एका कुपीसाठी असे शंभराहून अधिक वेळा करावे लागते. ज्या प्राण्याची एवढी धास्ती, त्याला न मारता बरणीत घालून पोचवणारे शेजारी मला फार मोठे वाटतात. माझ्या पुतण्याने गॅरेजमधला नर तसाच पोचवला. त्याच्या बायकोने बरणी गाडीत स्वतःच्या मांडीवर धरली होती, हे मला मागाहून कळले.

त्याच विषाच्या पेटीत आणखीही बरेच आहे. ब्लू माउंटन्समधल्या हॅड्रोनिके व्हर्सुटा या जातीच्या विषातल्या एका घटकावर बेतलेले कीटकनाशक अमेरिकेत २०१४ साली नोंदले गेले, ते अळ्यांवर चालते आणि सस्तन प्राण्यांना बाधत नाही. क्वीन्सलँडजवळच्या के’गारी बेटावरच्या जातीच्या विषातून क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्लेन किंग यांच्या गटाने एक प्रथिन वेगळे केले. २०१७ साली त्यांनी दाखवले की उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर आठ तासांनी दिले तरी ते मेंदूचे नुकसान कमी करते.

वर्गीकरणाची गोष्ट अजून संपलेली नाही. अनेक दशके हे कोळी हेक्झाथेलिडी नावाच्या मोठ्या कुलात एक उपकुल म्हणून नांदत होते. २०१८ साली मार्शल हेडिन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे दाखवले की ते मोठे कुल म्हणजे दिसायला सारख्या पण रक्ताने दूरच्या मंडळींची मोट होती. तेव्हापासून अ‍ॅट्रॅसिडी हे स्वतंत्र कुल. त्यांचे खरे जवळचे नातलग निघाले माऊस स्पायडर म्हणून ओळखले जाणारे ठेंगणे, जाड डोक्याचे कोळी, जे दाराचे बीळ करतात आणि नरसाळे मुळीच विणत नाहीत. विषातली प्रथिने मात्र दोघांची सारखी, इतकी की सिडनीच्या कोळ्याचे प्रतिविष माऊस स्पायडरच्या दंशावरही चालते. जाळ्याने नाते सांगितले नाही, विषाने सांगितले.

आणि जानेवारी २०२५ मध्ये खुद्द अ‍ॅट्रॅक्स रोबस्टसचे तीन तुकडे झाले. पिकार्ड-केंब्रिजने नाव दिलेली जात आता मुख्यतः सिडनीच्या उत्तर भागाची आणि त्यापुढच्या मध्य किनाऱ्याची. दक्षिण-पश्चिमेची, ब्लू माउंटन्सपर्यंतची वस्ती अ‍ॅट्रॅक्स मॉन्टेनस ठरली, हे जुने टाकून दिलेले नाव पुन्हा वर आले. तिसरी, सर्वांत मोठी जात न्यूकॅसल शहराच्या आसपासची. तिला अ‍ॅट्रॅक्स क्रिस्टेनसेनी म्हणतात, ज्याने या दांडग्या कोळ्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले त्या केन क्रिस्टेनसेन या छांदिष्ट अभ्यासकाच्या नावावरून. विद्यापीठाबाहेर राहून कोळी गोळा करणाऱ्या माणसाचे नाव एका जातीला लागावे, याचा मला झालेला आनंद मी लपवत नाही. उपलब्ध प्रतिविष तिन्ही जातींवर चालते. पण विष सगळ्यांचे तंतोतंत एक असेलच असे नाही, म्हणून बरणीतून येणारा नर सिडनीच्या कोणत्या भागातून आला, याला आता नव्याने महत्त्व आले आहे.